जुन्या विमानांचा पालट आणि कागदांची साक्ष

१. विषय व मर्यादा

सनदा, महजर, बखरी आणि ताम्रपट हे या त्रैमासिकाचे नित्याचे विषय होत. त्यांच्या पंक्तीस प्रवासी विमानांचा विषय आणून बसविल्यास कांहीं वाचकांस तें विलक्षण वाटेल. परंतु ज्या वस्तूचें चरित्र केवळ कागदांवरून ठरतें आणि जिचे कागद नाहींसे होण्याची भीति आहे, तेथें इतिहाससंशोधकाचें काम आहेच. गेल्या सत्तर वर्षांत भारतांतील विमान कंपन्यांनीं आपलीं जुनीं विमानें वारंवार काढून नवीं घेतलीं. या प्रत्येक पालटाबरोबर जुन्या विमानांच्या दप्तरांचाही निकाल लागत गेला. या पालटाचा मराठवाड्याशीं जेवढा संबंध येतो तेवढाच मुख्यतः येथें घेतला असून, बैठकींच्या दोन रांगांमध्यें चालण्यास एकच वाट असलेल्या अरुंद बांध्याच्या विमानांपुरताच विचार केला आहे. देशांतर्गत प्रवासाचा बहुतेक भार हींच विमानें वाहतात.

आमचा मुख्य प्रश्न एकच आहे. विमानास अपघात झाला म्हणजे "तें जुनें झालें होतें म्हणून पडलें" असें सर्रास बोललें जातें. हें विधान पुराव्यास उतरतें काय? ता. २६ एप्रिल १९९३ रोजीं औरंगाबादेजवळ, म्हणजे हल्लींच्या छत्रपती संभाजीनगराजवळ, झालेल्या अपघातांत ५५ माणसें मृत्यु पावलीं. त्यांच्या मृत्यूचें कारण काय म्हणून लिहावयाचें, हा प्रश्न केवळ यंत्रविद्येचा नाहीं. चुकीचें कारण एकदां रूढ झालें म्हणजे खरें कारण दूर करण्याची निकड कोणासच वाटत नाहीं. आणि रूढ झालेलें कारण मुळांतून तपासणें हें तर आमच्या शास्त्राचें पहिलें कर्तव्य आहे.

२. लिंबागणेश व बीड रस्ता

बीड तालुक्यांतील लिंबागणेश हें गांव भालचंद्र गणपतीच्या स्थानामुळें भाविकांस परिचित आहे. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या मार्गावर तें वसलें आहे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १९५६ सालीं तो द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. बीड शहरास अहिल्यानगराकडून आगगाडी पोहोंचली ती ता. १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. अशा गांवच्या वाचकानें "विमानांचा पालट झाला काय आणि न झाला काय, आम्हांस त्याचें काय?" असें विचारल्यास तें स्वाभाविक ठरेल.

त्यास उत्तर दोन प्रकारें देतां येतें. पहिलें असें कीं, हा मुलूख ज्या राज्यांत होता, त्या राज्याची स्वतःची विमान कंपनी होती. निजाम सरकार व टाटा यांच्या भागीदारीनें १९४५ सालीं डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. हैदराबादेचें बेगमपेठ हें तिचें ठाणें आणि डकोटा हीं तिचीं विमानें. भारतांत प्रवासी विमान चालविणाऱ्या पहिल्या स्त्री-वैमानिक म्हणून ज्यांचें नांव घेतलें जातें, त्या प्रेम माथुर यांस १९४७ सालीं याच कंपनीनें नोकरीस ठेवलें. मुंबई व हैदराबाद यांस जोडणारी सरळ रेषा नकाशावर ओढिली तर ती बीड जिल्ह्याच्या दक्षिण सीमेच्या आसपास जाते. ज्या मुलखाच्या जमिनीवर रूळ नव्हते, त्या मुलखाच्या राज्यकर्त्यांजवळ विमानें होतीं, ही गोष्ट त्या राजवटीच्या स्वरूपावर पुष्कळ प्रकाश टाकणारी आहे.

दुसरें उत्तर अधिक जवळचें आहे. लिंबागणेशाचा माणूस मांजरसुंबा, बीड, गेवराई या वाटेनें चिकलठाण्याच्या विमानतळाकडे निघाला, तर तो बीड रस्त्यानें जातो. याच रस्त्याचें नांव १९९३ च्या अपघाताच्या चौकशींत कारण म्हणून नोंदलें गेलें आहे. त्याचा विचार पुढें पांचव्या कलमांत येईल.

३. पालटाचा क्रम

१९५३ सालच्या हवाई महामंडळ कायद्यानें आठ खासगी उद्योग एकत्र करून इंडियन एअरलाइन्स हें सरकारी महामंडळ बनविण्यांत आलें. डेक्कन एअरवेज त्यांतच विलीन झाली. नव्या महामंडळाच्या वांट्यास एकंदर ९९ विमानें आलीं. त्यांत ७४ डकोटा, १२ व्हायकिंग व ३ डीसी-४ होतीं. म्हणजे चार विमानांपैकीं तीन डकोटा होतीं, आणि तीं मूळचीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळाचीं. महामंडळाचा जन्मच अशा रीतीनें जुन्या विमानांच्या वारशांतून झाला, हें लक्षांत ठेविलें पाहिजे.

पुढील क्रम थोडक्यांत असा. १९५७ सालीं व्हायकाउंट आलें. त्याचे पंखे टर्बाइननें फिरत. १९६१ सालीं फोकर फ्रेंडशिप आलें. १९६४ सालीं फ्रान्समध्यें बनलेलें कॅराव्हेल आलें; इंडियन एअरलाइन्सचें हें पहिलें जेट विमान. कानपूर येथें बांधलेलें ॲव्हरो ७४८ हें लहान अंतरांच्या मार्गांवर चालूं लागलें. १९७० सालच्या अखेरीपासून बोईंग ७३७-२०० येऊं लागलीं व पुढील दोन दशकें देशांतर्गत वाहतुकीचा कणा होऊन राहिलीं. १९८९ सालीं एअरबस ए-३२० हीं आलीं. त्यांच्या मुख्य पायांस दोनऐवजीं चार चार चाकें लावून घेतलीं होतीं, कारण भारतांतील कित्येक धावपट्ट्या जड भार सोसण्याजोग्या नव्हत्या. ही योजना या जातीच्या विमानांत केवळ इंडियन एअरलाइन्सनेंच करवून घेतली. विमान जरी परदेशीं घडलें तरी येथील जमिनीनें त्याच्या पायांचा आकार ठरविला, हें नमूद करण्यासारखें आहे.

यानंतर उरलेलीं बोईंगें १९९६ सालीं निघालेल्या अलायन्स एअर या उपकंपनीकडे सोंपविण्यांत आलीं. २००५ सालीं ४३ नव्या एअरबस विमानांची मागणी ठरली. त्यांत १९ ए-३१९, ४ ए-३२० व २० ए-३२१ होतीं. २००७ सालीं इंडियन एअरलाइन्स एअर इंडियांत विलीन झाली. ता. २७ जानेवारी २०२२ रोजीं एअर इंडिया टाटांकडे परत गेली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्यें तिनें ४७० नव्या विमानांची मागणी जाहीर केली. त्यांपैकीं २१० ए-३२० व ए-३२१ च्या नव्या आवृत्तीचीं आणि १९० बोईंग ७३७ मॅक्स, म्हणजे एकंदर ४०० अरुंद बांध्याचीं आहेत. त्याच वर्षीं इंडिगोनें याच जातीच्या ५०० एअरबस विमानांची मागणी नोंदविली. १९५३ सालच्या ९९ विमानांशीं या आंकड्यांची तुलना वाचकांनींच करावी.

४. विमानाचें वय कशावरून मोजावें

पोथीचें वय ठरवितांना आम्ही कागद, अक्षरवळण व पुष्पिका हीं तिन्ही पाहतों. एकट्या पुष्पिकेवर विसंबत नाहीं, कारण नकलकारानें मूळ प्रतीची मिति जशीच्या तशी उतरलेली असण्याचा संभव असतो. विमानाच्या बाबतींतही बांधणीचें वर्ष हें एकच प्रमाण नव्हे. विमानाचें वय तीन प्रकारें मोजितात: बांधणीपासून गेलेलीं वर्षें, हवेंत काढलेले तास, आणि उड्डाणचक्रें. एकदां उडून एकदां उतरणें म्हणजे एक चक्र.

यांपैकीं चक्रांचें महत्त्व विशेष आहे. तीस-पस्तीस हजार फूट उंचीवर बाहेरची हवा इतकी विरळ असते कीं तींत माणूस शुद्धीवर राहूं शकत नाहीं. म्हणून विमानाच्या आंत दाब भरून, सुमारें आठ हजार फुटांपेक्षां उंच नसलेल्या डोंगरावर असते तशी हवा राखितात. प्रत्येक उड्डाणांत विमानाचें अंग फुगतें व उतरतांना पुनः बसतें. तार वारंवार वांकविली तर जशी तुटते, तसा या फुगण्या-बसण्यानें पत्र्यास शीण येतो व खिळ्यांच्या भोंकांशीं बारीक चिरा पडूं लागतात. अर्थात् लांब पल्ल्यावर दिवसांतून एकदां उडणारें विमान आणि जवळजवळच्या गांवीं पांच-सहा वेळां उतरणारें विमान, या दोहोंचें बांधणीचें वर्ष एकच असलें तरी वय एक नसतें. १९९३ सालचें तें अपघाती विमान दिल्ली, जयपूर, उदयपूर, औरंगाबाद, मुंबई असें जात असे. म्हणजे एका खेपेंत चार चक्रें होत. पर्यटनाच्या गांवांना जोडणारे असे मार्ग विमानास लौकर वृद्ध करितात.

चक्रांनीं काय होतें याचें प्रसिद्ध उदाहरण हवाई बेटांतील आहे. ता. २८ एप्रिल १९८८ रोजीं अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग ७३७-२०० विमानाच्या पुढील भागाचें छत २४,००० फुटांवर उडून गेलें. एक हवाईसेविका बाहेर फेंकली जाऊन मृत्यु पावली; वैमानिकांनीं विमान सुखरूप उतरविल्यामुळें बाकीचीं माणसें वांचलीं. त्या विमानाचीं वर्षें १९ आणि चक्रें ८९,६८०. बेटाबेटांमधील लहान उड्डाणांनीं त्याचा पत्रा शिणला होता. या घटनेनंतर जगभर वृद्ध विमानांच्या तपासणीचे नियम अधिक कडक झाले.

५. अपघातांची साक्ष

आतां आपल्याकडील उदाहरणें घेऊं. ता. १२ ऑक्टोबर १९७६ रोजीं मुंबईहून मद्रासकडे निघालेल्या कॅराव्हेल विमानाचें एक इंजिन उड्डाणानंतर लगेच निकामी झालें. विमान परत फिरलें. परंतु आग पसरून तें कोसळलें व आंतील ९५ ही माणसें दगावलीं. इंजिनांतील एका चकतीस शिणानें पडलेली चीर हें त्याचें मूळ ठरलें. येथें धातूचा शीण हेंच कारण आहे, याविषयीं वाद नाहीं. मात्र हा शीण त्या एका चकतीचा होता. कारण विमानाचे निरनिराळे भाग निरनिराळ्या वेळीं बदलले जातात आणि प्रत्येक भागाचें आयुष्य वेगळें मोजलें जातें.

ता. १४ फेब्रुवारी १९९० रोजीं बंगळूर येथें उतरतांना एक ए-३२० कोसळलें. आंतील १४६ पैकीं ९२ माणसें मृत्यु पावलीं. हें विमान महामंडळाच्या ताब्यांत येऊन दोन महिनेही पुरे झाले नव्हते. उतरतांना यंत्राची कोणती स्थिति चालू आहे हें वैमानिकांच्या वेळेवर लक्षांत आलें नाहीं, असा चौकशीचा आशय आहे. नवीन विमान म्हणजे निर्धोक विमान, या समजुतीस याहून स्पष्ट उत्तर मिळणार नाहीं. यानंतर ए-३२० विमानें कांहीं महिने जमिनीवर उभीं राहिलीं आणि ज्यांस तीं सेवेंतून काढावयास आलीं होतीं त्या जुन्या बोईंगांवरच पुनः भार पडला.

तिसरें उदाहरण चिकलठाण्याचें. ता. २६ एप्रिल १९९३ रोजीं दुपारीं बोईंग ७३७-२००, नोंदणी-अक्षरें व्ही.टी.–ई.सी.क्यू., ११८ माणसें घेऊन मुंबईकडे जाण्यास धांवूं लागलें. धावपट्टीच्या टोकापलीकडे सुमारें ४१० फुटांवर बीड रस्ता होता व त्यावरून दाबलेल्या कापसाच्या गांठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचा डावा पाय व डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून जेमतेम सात फूट उंचीवर त्या ट्रकावर आदळला. पुढें विमान विजेच्या उच्च दाबाच्या तारांस लागून शेतांत कोसळलें. ५५ माणसें गेलीं, ६३ वांचलीं.

हें विमान १९७४ सालचें. म्हणजे अपघाताच्या वेळीं तें १९ वर्षांचें होतें. हवाई बेटांतील विमानही त्याच जातीचें आणि तितक्याच वर्षांचें होतें. तेव्हां बाह्य लक्षणें ताडून पाहणारा म्हणेल कीं कारणही तेंच. परंतु चौकशीनें दोन कारणें दिलीं तीं अशीं: एक, वैमानिकांनीं विमानाचें नाक उचलण्यास केलेला विलंब व त्यांची चुकीची रीत; आणि दुसरें, उड्डाणांच्या वेळीं बीड रस्त्यावरील वाहतुकीचें नियमन करण्यांत राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणास आलेलें अपयश. यांत पत्र्याचा शीण नाहीं, चीर नाहीं, विमानाचें वय नाहीं. धावपट्टीच्या टोकाशीं एक वाहता रस्ता होता आणि विमान उडण्याच्या वेळीं तो बंद होत नव्हता.

या दुसऱ्या कारणाकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. विमान बदललें असतें व रस्ता तसाच राहिला असता, तर नव्या विमानासही तोच ट्रक आडवा आला असता. कापसाच्या मुलखांत कापसाच्या गांठींनीं भरलेला ट्रक रस्त्यावर असणें यांत अकल्पित असें कांहींच नव्हतें. "जुनें म्हणून पडलें" या एका वाक्यानें हा रस्ता, त्याचें फाटक व त्याची जबाबदारी हीं सर्व झांकलीं जातात.

ता. १७ जुलै २००० रोजीं पाटणा येथें अलायन्स एअरचें सुमारें २० वर्षांचें बोईंग ७३७-२०० वस्तीवर कोसळून जमिनीवरील पांच जणांसह ६० माणसें मृत्यु पावलीं. त्या वेळींही वयाचाच गवगवा झाला; चौकशीनें मात्र वैमानिकांच्या हातून झालेली चूक दाखविली. चार भारतीय उदाहरणांपैकीं एकांत धातूचा शीण, तिहींत दुसरीं कारणें, आणि त्या तिहींपैकीं एक विमान अगदीं कोरें, असा हा हिशेब आहे. चार उदाहरणांवरून सार्वत्रिक नियम काढणें बरोबर होणार नाहीं. परंतु वय सांगितलें म्हणजे कारण सांगितलें असें होत नाहीं, एवढें त्यांवरून निःसंशय ठरतें.

६. मग पालट कां होतो

येथें कोणी विचारील कीं, वय जर कारण नव्हे तर कंपन्या जुनीं विमानें काढतात कां? याचें उत्तर बहुतांशीं जमाखर्चाच्या वहींत आहे. विमान जसें जुनें होत जातें तशा त्याच्या मोठ्या तपासण्या लांबतात. पत्रा उलगडून चिरा शोधाव्या लागतात. सुटे भाग मिळेनासे होतात. आणि जितके दिवस विमान कारखान्यांत तितके दिवस त्याची कमाई बंद. दुसरी बाब इंधनाची. एअरबसच्या नव्या आवृत्तीस पूर्वीच्या आवृत्तीपेक्षां सुमारें १५ टक्के किंवा अधिक इंधन कमी लागतें, असें निर्माते सांगतात. ७३७-२०० च्या काळाशीं तुलना केल्यास हें अंतर आणखी मोठें आहे. तिसरी बाब आवाजाची: पहिल्या जेट विमानांचा गोंगाट शहरांस असह्य झाला व त्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले.

चौथी बाब स्पर्धेची. चिकलठाण्याच्या अपघातानंतर नऊच दिवसांनीं, ता. ५ मे १९९३ रोजीं, जेट एअरवेजनें मुंबईहून भाड्यानें घेतलेल्या ७३७-३०० विमानांची सेवा सुरू केली. सरकारी महामंडळाची मक्तेदारी मोडल्यावर जुनें विमान हें ग्राहक गमावण्याचें निमित्त झालें. जेट एअरवेजही एप्रिल २०१९ मध्यें बंद पडली, हें येथेंच नमूद करितों. सारांश, नीट तपासलेलें जुनें विमान उडण्यास असमर्थ असतेंच असें नाहीं. तें बहुधा परवडेनासें होतें म्हणून जातें. आणि तपासणी नीट झाली कीं नाहीं, हें सांगणारा साक्षीदार एकच: त्याचें दप्तर.

७. दप्तराची गोष्ट व विनंति

प्रत्येक विमानास निर्मात्याचा अनुक्रमांक असतो व त्याच्या जन्मापासूनची वही असते. प्रत्येक उड्डाण, प्रत्येक दोष, प्रत्येक दुरुस्ती, आणि ती करणाऱ्याची सही तींत येते. ज्या भागांचें आयुष्य ठरलेलें आहे, उदाहरणार्थ इंजिनाच्या चकत्या, त्यांचा उगमापासूनचा अखंड इतिहास कागदावर दाखवावा लागतो. मधला एक दुवा तुटला तर भाग कितीही चकचकीत असला तरी तो विमानास लावितां येत नाहीं. हस्तलिखितांच्या संग्राहकांस ही गोष्ट समजावून सांगण्याचें कारण नाहीं. एखादें पत्र कोणाच्या घराण्यांतून कोणाकडे गेलें हें न कळल्यास त्याचें मोल किती उतरतें, हें त्यांस ठाऊक आहे.

परंतु इतक्या निगुतीनें राखलेलें दप्तर विमान सेवेंत असेपर्यंतच राखलें जातें. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें विमान कायमचें सेवेंतून गेल्यावर मुख्य नोंदी किमान ९० दिवस ठेविल्या म्हणजे पुरे. यंत्रज्ञाच्या दृष्टीनें हें योग्यच आहे. जें उडणार नाहीं त्याच्या नोंदींचें त्यास काय काम? इतिहासकाराचें काम मात्र तेथूनच सुरू होतें.

नोंद गळाली म्हणजे काय होतें याचें एक अलीकडचें उदाहरण देऊन हा लेख आटोपतों. १९८२ सालचें एक बोईंग ७३७-२००, व्ही.टी.–ई.एच.एच., प्रथम प्रवासी व पुढें टपाल-माल वाहून २०१२ सालीं निवृत्त झालें आणि कलकत्त्याच्या विमानतळावर उभें राहिलें. मालकीच्या फेरबदलांत तें कंपनीच्या मालमत्तेच्या यादींतूनच गळालें. सुमारें १३ वर्षांनीं विमानतळानें "आपलें विमान हलवा" असें कळविलें, तेव्हां तें आपलें असल्याचें मालकांस समजलें. नोव्हेंबर २०२५ मध्यें तें रस्त्यानें बंगळूरास, यंत्रज्ञांच्या शिक्षणाकरितां, नेण्यांत आलें. शंभर फूट लांबीची वस्तु यादींतून गळूं शकते, तर तिच्या वह्यांची काय कथा!

डेक्कन एअरवेजचीं वेळापत्रकें व तिकिटें, डकोटा व व्हायकाउंटच्या काळचीं प्रवासपत्रें, चिकलठाण्याच्या विमानतळावरील जुन्या नोंदवह्या, बीड रस्त्यावरील फाटकासंबंधीं झालेला पत्रव्यवहार, १९९३ च्या एप्रिल व मे महिन्यांतील स्थानिक वृत्तपत्रांचे अंक, हे कागद आज कोणी जुने समजत नाहीं. म्हणूनच ते रद्दींत जाण्याचा संभव अधिक. बीड, जालना व संभाजीनगर या जिल्ह्यांत विमान कंपनींत अगर विमानतळावर नोकरी केलेल्या गृहस्थांच्या घरीं असे कागद असणें शक्य आहे. आमच्या संग्राहक वाचकांनीं सनदांच्या शोधांत गांवोगांव हिंडतांना या कागदांचीही चौकशी करावी, मिळतील त्यांची यादी करावी व ती संस्थेकडे धाडावी. ज्यांच्या मृत्यूस एका रस्त्याची बेपर्वाई अंशतः कारण झाली, त्यांच्याविषयीं "विमान जुनें होतें" एवढेंच लिहून पुढील पिढीनें दप्तर बांधूं नये, यासाठीं हें काम आतांच झालें पाहिजे.